उत्पन्न शून्य

आषाढ लागला की मुंबईतल्या आमच्या घरी मी रोज सकाळी गॅलरीत उभा राहून पाऊस बघतो. किती पडला यापेक्षा कसा पडला, याकडे माझे लक्ष असते. पत्नीला हे वेड ठाऊक आहे. ती स्वयंपाकघरातून विचारते, 'आली असतील का हो?' मी म्हणतो, 'अजून दोन दिवस उघडीप हवी.' ही चौकशी पाहुण्यांची नसते. सिंधुदुर्गातल्या एका टेकाडावर अळंबी उगवली असतील की नाही, याची असते.

बँकेतल्या नोकरीत माझ्या बऱ्याच बदल्या झाल्या. जून १९९५ मध्ये कुडाळ तालुक्यातल्या एका लहान गावी शाखा व्यवस्थापक म्हणून मी रुजू झालो. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेला. पावसात उगवणाऱ्या छत्र्यांविषयीचे माझे ज्ञान 'कुत्र्याची छत्री, हात लावू नये' एवढ्यावरच संपत होते. जुलैच्या मध्याला एका सकाळी शाखेच्या पायरीवर एक काकी येऊन बसल्या. डोक्यावर इरले, पुढ्यात टोपली, आणि टोपलीत सागाच्या पानांत बांधलेल्या पुड्या. 'साहेबानु, अळमी व्हयी काय?' मी नको म्हणायच्या आत आमच्या शिपायाने दोन पुड्या उचलल्या आणि पैसे माझ्याकडून घेतले. 'आज नाही घेतलीत तर उद्या मिळायची नाहीत, साहेब,' एवढाच खुलासा त्याने केला.

त्या रात्री ओल्या खोबऱ्याचे वाटप लावलेली ती भाजी आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. मुलांनी कढई पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी काकींना विचारले, 'ही मिळतात कुठे?' त्या पदर तोंडाला लावून हसल्या. 'जागो सांगूचो नसता.' बँकेच्या माणसाला गोपनीयतेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मी तो विषय तिथेच सोडला. मात्र अळंबी केव्हा येतात, हे त्या मोकळेपणाने सांगत.

त्यांचे गणित नक्षत्रांचे होते. मृगाचा पाऊस जमिनीची तहान भागवतो. त्याच दिवसांत संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे येतात, आणि सकाळी ओटीवर पंखांचा सडा पडतो. तो सडा दिसला की काकी दिवस मोजायला लागत. आर्द्रा मुरली पाहिजे. मग पुनर्वसूचा 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस. या दिवसांत चार दिवस झड लागून मध्ये एक-दोन दिवस ऊन-पाऊस झाला, जमीन ओली पण हवा कोंदट राहिली, की रोयणीवर कळ्या वर येतात. रोयण म्हणजे वारूळ. पाऊस धो धो कोसळतच राहिला तर कळ्या कुजतात, आणि उघडीप लांबली तर त्या डोके वर काढत नाहीत. त्यातून साधल्या तर दोन-तीन दिवसांचा खेळ. कळी सकाळी काढली तर टोपलीत, नाहीतर संध्याकाळपर्यंत तिची छत्री होते आणि दुसऱ्या दिवशी चिखल.

हे सगळे खरे असते, हे मला पुढे पुस्तके वाचून कळले. वाळवीच्या काही जाती चक्क शेती करतात. कामकरी वाळवी सुकलेला पाला, काटक्या, लाकूड खाते आणि त्याच्या विष्ठेतून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे पोळे रचते. त्या पोळ्यावर एक बुरशी वाढते. वाळवीला न पचणारे लाकूड ही बुरशी पचवून देते, आणि तिच्या बारीक पांढऱ्या गाठी वाळवीचे अन्न होतात. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. या बुरशीच्या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी दिले. गोव्यात गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि ती वाचवण्यासाठी लेखणीही झिजवली.

वर्षभर ही बुरशी जमिनीखाली असते. पावसाने वारूळ भिजले की तिला कोंब फुटतात आणि एक लांब, मुळासारखा दांडा माती फोडत वर येतो. म्हणून रोयणीवरचे अळंबे उपटले तर खाली शेपटी निघते. छत्री उघडली की तिच्यातून लक्षावधी बीजाणू खाली झरतात. इथे काकींच्या दिवस मोजण्याचा अर्थ लागतो. मृगात उडालेल्या वाळवीच्या जोड्यांनी नवी घरे केलेली असतात. त्यांची पहिली कामकरी पिल्ले काही आठवड्यांनी बाहेर पडतात, तेव्हा त्यांना आपल्या शेतासाठी बियाणे हवे असते. बहुतेक जातींत ते आईबापांनी बरोबर आणलेले नसते. नेमक्या त्याच सुमारास रानात छत्र्या उघडतात.

प्रत्येक जातीच्या अळंब्यांचा पत्ता असा ठरलेला असतो. कोणी कुजक्या ओंडक्यावर येते, कोणी शेणखतावर, कोणी पेंढ्यात. बस्तरकडे पहिल्या पावसात 'बोडा' नावाचा मातकट गोळा मिळतो. तो सालवृक्षाच्या मुळांशी नाते जोडून राहतो, म्हणून सालाचे रान नाही तिथे बोडा नाही. विदर्भात अळंब्यांना टेकोडे म्हणतात, गोव्यात अळमी. आणि रोयणीच्या अळंब्याला वाळवीच लागते. हिमाचलातील सोलन येथे १९८३ पासून अळिंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, बटण आणि धिंगरी आज बारमाही मिळतात. पण वाळवीला वगळून रोयणीच्या अळंब्यांची व्यापारी शेती करणे माणसाला साधलेले नाही.

इथे एक गोष्ट वाचकांना कळकळीने सांगायला हवी. हे वाचून कोणी सहलीला गेल्यावर अळंबी तोडायला जाऊ नये. लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचे नाणे काळवंडले तर विषारी, किड्याने खाल्ले असेल तर चांगले, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. बागेतल्या हिरवळीवर येणारी एक मोठी पांढरी छत्री खाण्याजोग्या अळंब्यांसारखीच दिसते आणि उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवे करते. अमानिता कुळातल्या काही जाती तर जीवघेण्या. त्यांचे विष सहा-बारा तास गप्प बसते, मग उलट्या-जुलाब, मग बरे वाटल्याचा भास आणि त्यानंतर यकृत निकामी. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसे दगावली. त्यांतली बरीचशी चहामळ्यातली होती, म्हणजे रानाला परकी नव्हती. शंका आली तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेले अळंबे बरोबर न्यावे. काकी सुद्धा आपल्या ठरलेल्या रोयणींपलीकडचे काही टोपलीत घालत नसत.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

त्या काळात कोकणात फळबागांचे वारे होते. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० पासून सुरू झाली होती आणि डोंगरउतारांवर काजू-आंब्याची कलमे चढत होती. १९९७ च्या फेब्रुवारीत गावातल्या एका खातेदाराने जमीन सपाटीकरण आणि कुंपणासाठी कर्जाचा अर्ज केला. कागदपत्रे चोख होती, माणूस सचोटीचा होता. मी पाहणीला गेलो. उतारावर करवंदीच्या जाळ्या, किंजळीची काही झाडे आणि मधूनमधून कमरेएवढ्या रोयणी. शाखेत येऊन मी अहवाल लिहिला : 'जमीन पडीक. झुडपे व वारुळे. सध्याचे उत्पन्न शून्य.' कर्ज मंजूर झाले. मार्चमध्ये बुलडोझर आला. एप्रिलपर्यंत टेकाडाच्या पायऱ्या झाल्या.

त्या वर्षीच्या आषाढात काकी आल्या नाहीत. आल्या त्या श्रावण लागल्यावर, टोपली न घेता. खात्यातून पैसे काढायचे होते. मी सहज म्हटले, 'काकी, यंदा आम्हाला विसरलात?' त्या म्हणाल्या, 'औंदा अळमी मिळूची नाय, साहेबानु. रोयणच ऱ्हवली नाय.' आवाजात तक्रार नव्हती. जमीन त्यांची नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. कोणाची रोयण मोडली, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारावे लागले नाही.

त्या अंगठा उठवून गेल्यावर मी त्यांचे खाते काढून पाहिले. तेव्हा खातेवह्या हातानेच लिहिल्या जात. वर्षभर खात्यात हालचाल नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लहान लहान भरणा, चाळीस, साठ, एकदा एकशेवीस. मग दिवाळीनंतर, शाळेची दुसरी सहामाही सुरू होताना एकदम रक्कम काढलेली. मागची दोन वर्षे तेच. त्या पानावर दर वर्षी माझी सही होती. मी आकडे तपासले होते, बेरीज तपासली होती. हे पैसे फक्त आषाढ-श्रावणातच का येतात, हे मी कधी विचारले नव्हते. मी ज्या उतारावर 'उत्पन्न शून्य' लिहिले, त्याचे उत्पन्न माझ्याच शाखेत, माझ्याच कपाटात, दुसऱ्या वहीत जमा होत होते.

मी काही बेकायदा केले नव्हते. त्या कर्जाचा एकही हप्ता थकला नाही. काजू चांगला लागला, त्या घरातली मुले शिकली, एक मुलगी डॉक्टर झाली. आजही तो अर्ज समोर आला तर मी बहुधा मंजूरच करीन. फक्त अहवालात एक ओळ वाढवीन, आणि चार रोयणी कुंपणात तशाच राखता येतील का, एवढे अर्जदाराला विचारीन. तो माणूस नाही म्हणाला नसता. विचारले कोणीच नाही.

निवृत्त झाल्यावर कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात कोकण मागे पडले होते. २०२५ च्या जुलैत, पुनर्वसू लागल्यावर, मुद्दाम गेलो. काकी आता नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी ओळखले, चहा दिला. मी पावसाचे विचारले. 'नक्षत्रां बिघडली,' त्या म्हणाल्या. त्या वर्षी रोहिणी लागते न लागते तोच, २५ मे रोजी मोसमी पाऊस तळकोकणात उतरला होता आणि मग जूनच्या सुरुवातीला दडी मारून बसला होता. त्याआधी २०२३ मध्ये उलट घडले. पाऊस उशिरा आला आणि ऑगस्ट तर देशभर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. सासूने शिकवलेली दिवसांची मोजणी आता दर वर्षी नव्याने मांडावी लागते, असे सूनबाईंचे म्हणणे. तरी दिव्याभोवतीची पाखरे बघून त्या अजून मोजतात.

'जागा सांगायची नसते, पण तुम्ही आमच्या आईंच्या ओळखीचे,' असे म्हणून त्या मला सातेरीच्या राईत घेऊन गेल्या. सातेरी म्हणजे रोयणीच्या रूपात पुजलेली भूमाता. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तिची देवळे गावोगाव आहेत, आणि कित्येक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच असते. राईतली काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, मग रोयण कोण मोडणार? पालापाचोळा कुजत होता, वर दाट सावली होती, आणि एका जुन्या रोयणीच्या उतरत्या अंगावर दहा-बारा पांढरी अळंबी उभी होती.

सूनबाईंनी आधी हात जोडले. मग बोटांनी माती सैल करून सात-आठ कळ्या अलगद काढल्या. उघडलेल्या तीन छत्र्यांना त्यांनी हात लावला नाही. मी म्हटले, 'ही राहिली की.' त्या हसल्या. पदर तोंडाला लावण्याची लकब सासूचीच होती. 'सगळी काढलास तर फुडल्या वर्सा काय खातलास?'

बाजारात कळीला भाव जास्त, म्हणून हल्ली पहाटे बॅटरी घेऊन कळ्यांसकट सगळी रोयण साफ करणारे येतात, असे त्यांनी वाटेत सांगितले. एकही छत्री उघडली नाही तर रानातल्या नव्या वाळवीला बियाणे मिळणार कुठून? पण अळंब्यांचा पैसा हा घाई असलेल्या घराचाच पैसा असतो, हे मी खातेवहीत पाहिलेले आहे. त्या येणाऱ्यांना नावे ठेवायला माझी जीभ वळली नाही.

निघताना त्यांनी सागाच्या पानात बांधलेली पुडी हातात ठेवली. पैसे घेईनात. मग नातवाच्या हातात खाऊला म्हणून दिले. वाटेत काजूची ती बाग लागली. गाडी थांबवून उतरलो. कुंपणाशी, बांधाच्या कोपऱ्यात, करवंदीच्या एका उरलेल्या जाळीखाली मातीचा गुडघ्याएवढा ओला, तांबडा उंचवटा दिसला. नवी रोयण होती. तिच्यावर अजून काही उगवलेले नव्हते.

बागेच्या मालकांच्या मुलाला आवाज दिला. त्याने ओळखले नाही. बापाचे नाव घेतल्यावर वाकून नमस्कार केला. मी त्याला ती रोयण दाखवली आणि म्हटले, 'एवढी राहू द्याल का?'

तो म्हणाला, 'राहू दे की, काका. कोपऱ्यात तर आहे.'