आंब्याच्या दिवसांत भेटीला जावं

लांबच्या स्नेह्यांकडे जायचं तर त्यांना सवड असेल तेव्हा जावं, असं आपण मानतो. देवगडच्या आंबा बागायतदाराला हा नियम लावला, तर एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने बाद होतात. आणि मुलांच्या शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच.

डोंबिवलीत आमची दोन कुटुंबं एकाच मजल्यावर राहायची. मैत्रिणीच्या नवऱ्याने वडिलोपार्जित कलमं सांभाळायला नोकरी सोडली आणि ती मंडळी देवगड तालुक्यात गेली. फोन होत राहिले, भेट पुढे पुढे ढकलली गेली. शेवटी मीच म्हटलं, आम्ही सुट्टीत येतो. तिला धास्ती वाटली. "अगं, मे महिन्यात माझ्याशी बोलायला तुला माझ्या मागे मागे फिरावं लागेल." म्हटलं, फिरेन.

मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालं की सकाळी कणकवलीला उतरता येतं. 26 जानेवारी 1998ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्याआधी हाच प्रवास एसटीत रात्रभर घाट मोजत व्हायचा. आता आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं आणि सुट्टीतल्या गाड्या बघता बघता भरतात. कणकवलीहून नांदगाव तिठा, शिरगाव, तळेबाजार करत देवगडकडे निघालो, की दोन्ही बाजूंना जांभा दगडाचा कातळ आणि त्यावर गडद हिरवी कलमं दिसू लागतात.

पोचलो तेव्हा अंगणात क्रेट लागले होते. मैत्रिणीने मिठी मारली आणि लगेच मागे वळून कुणाला तरी दोरी आणायला सांगितली. आम्ही चपला काढतो न काढतो तोच बागेकडे निघालेलं पाहून तिच्या सासूबाईंनी अडवलं, "आदी न्हेरी करा, आंबे खय पळान जातत?"

आंबा काढायचं काम पाहताना डोळे फळावर नाही, देठावर ठेवावे लागतात. काढणी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत, आणि मग ऊन उतरल्यावर. झाडावरचा माणूस आधी आंबा निरखतो. तयार हापूसचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात आणि देठाशी किंचित खळगा पडलेला असतो. मग लांब काठीचा झेला पुढे येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याला तोंडाशी पाती असतात. देठ त्यांच्यात धरून हलका झटका दिला की तो कापला जातो आणि आंबा खालच्या जाळीत पडतो. आंब्याला दोन पेरांइतका देठ राहिला पाहिजे. तो मुळाशी तुटला तर चीक उसळतो, सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पुढे फळ देठाकडून कुजू लागतं.

काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर ठेवायचा नाही, लगेच सावलीत न्यायचा. उष्णतेचा हापूसशी जुना दावा आहे. फळ झाडावर जास्त तयार झालं आणि वर जमिनीची धग लागली, तर आत साका होतो: कोयीभोवतीचा गर पांढरट आणि स्पंजासारखा पडतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून जाणता बागायतदार फळ पूर्ण तयार व्हायची वाट न पाहता थोडं आधीच उतरवतो.

आमची खरी भेट झाली ती दुपारी, शेडमध्ये. जमिनीवर पेंढा अंथरलेला, बाजूला वजनकाटा, मधे आंब्यांचा ढीग. मैत्रीण एकेक आंबा हातात घेई, तळहातावर फिरवी, डागाळलेला बाजूला टाकी आणि उरलेले आकाराप्रमाणे लावी. पेटीत मोठी फळं चार डझन मावतात, त्याहून लहान पाच किंवा सहा डझन, आणि भाव त्यावर ठरतो. तिने मला डागाळलेले निवडायला बसवलं. माझा मुलगा आणि तिची मुलगी, जी सकाळी एकमेकांकडे बघतही नव्हती, पुठ्ठ्याचे बॉक्स जोडता जोडता भांडू लागली, म्हणजे ओळख पटली.

हात कामात असले की बोलणं सुटतं. एका हंगामात थ्रिप्सने मोहोर करपवला आणि मजुरी भागवायला तिने दागिने गहाण टाकले, हे मला तिथे पेंढ्यात बसल्यावर कळलं. त्या वर्षी आम्ही फोनवर किती वेळा बोललो होतो. "सगळं बरं आहे" एवढंच ती म्हणायची. मी तिला विचारलं नाही, का सांगितलं नाहीस. तिने आंबा पुढे केला आणि मी तो तपासून पेटीत ठेवला. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मीही तिथेच पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. मधे वाशीच्या आडत्याचा फोन आला, तिच्या नवऱ्याने भाव ऐकून घेतला आणि काही न बोलता पेट्या टेम्पोत चढवल्या.

घरासाठीचे आंबे अढीत जातात. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत फळ आपल्या गतीने पिकतं. अधूनमधून अढी उकलून हात फिरवायचा, पिकलेले काढायचे, सडकं दिसलं तर आधी बाहेर टाकायचं. काढणीपासून पिकेपर्यंत हात किती वेळा लागतो, ते पाहिल्यावर 2018 साली हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन केवळ मातीचं राहत नाही. त्या हातांचंही ते मानांकन आहे, असं मला मनापासून वाटतं.

कुणकेश्वरला जाऊन समुद्र पाहिला, घावणे खाल्ले, तेही छानच. पण तिच्या सवडीच्या दिवसांत आम्ही गेलो असतो, तर तेवढंच पाहून परतलो असतो. ती पहाटे किती वाजता उठते, कशाला घाबरते, कोणाशी कडक बोलते आणि कोणत्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नाही, हे कळलं नसतं.

हंगाम आटोपला की ती मंडळी डोंबिवलीला येणार आहेत. तेव्हा माझं ऑफिस चालू असेल, मुलाची शाळाही. मी रजा काढणार नाही. ती सकाळच्या गर्दीत माझ्याबरोबर लोकलमध्ये चढेल, दुपारी माझ्या कचेरीजवळ जेवेल आणि माझे दिवस कसे जातात ते एकदा स्वतः पाहील.