वजनदार सेकंड इनिंग

पंचविशीत जिम सोडलेली मंडळी पन्नाशीत परत येतायत. त्यांची बॉडी सगळं विसरलेली नसते. घोळ होतो तो डोक्यात!

बोरिवली असो, घाटकोपर असो की मुलुंड, स्टेशन रोडवरच्या कुठल्याही जिममध्ये सकाळी साडेसहाला जा. तीन प्रकारचे मेंबर हमखास दिसतील. एक, कॉलेजची पोरं, ज्यांना गणपतीपर्यंत बायसेप्स हवे असतात. दोन, तुमच्याआमच्यासारखे ऑफिसवाले, ज्यांचा एक डोळा ट्रेडमिलवर आणि दुसरा घड्याळावर असतो. तीन, लग्न ठरलेले. त्यांच्याकडे फक्त तीन महिने असतात!

पण जरा थांबून बघितलंत तर चौथा प्रकारही दिसेल. केस पिकलेले, टी-शर्ट पोटावर ताणलेला, पायात बहुतेक मुलाचे जुने शूज. ट्रेनर त्यांना बार कसा धरायचा ते शिकवायला जातो आणि बघतो तर काय, पकड बरोबर, खांदे मागे, पाय जमिनीत रोवलेले. 'अंकल, पहले किये हो क्या?' उत्तर ठरलेलं असतं. 'हो रे, पूर्वी मारायचो.'

ही 'पूर्वी मारायचो' मंडळी म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातली उपनगरातली तरुण पोरं. तेव्हा एसी नव्हता, प्रोटीन शेक नव्हता, इन्स्टाग्राम तर नव्हतंच. चाळीच्या टोकाला किंवा मैदानाच्या कडेला एक खोली, भिंतीवर बजरंगबलीची तसबीर, एक तडा गेलेला आरसा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास. आधी जोर-बैठका, मग वेट. मुंबईत तळवलकरांची पहिली जिम १९३२ साली निघाली, म्हणजे पैसे भरून व्यायाम करायची कल्पना शहराला नवी नव्हती. पण चाळीतल्या पोराला परवडायची ती गल्लीतली व्यायामशाळाच.

मग पहिली नोकरी लागली. आठ बाराची लोकल आली. लग्न, होम लोन, मुलांचे क्लास. व्यायामशाळा कुणी ठरवून सोडली नाही, ती सुटली. आणि वीस-पंचवीस वर्षांनी, बहुतेक वेळा एखादा ब्लड रिपोर्ट हातात पडल्यावर, हे लोक परत येतात.

माझे बाबा त्यांच्यापैकीच एक. वय ५६. कधी काळी घाटकोपरच्या एका व्यायामशाळेत ते ८० किलोची बेंच मारायचे. हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पाहुण्यांनाही!

बॉडीचं पीएफ खातं

मराठीत आपण शरीर 'बनवत' नाही, 'कमावतो'. 'पोराने काय शरीर कमावलंय' असं आजीसुद्धा म्हणते. आणि कमावलेलं सगळंच काही खर्च होऊन जात नाही. काही पीएफसारखं खात्यात पडून राहतं. गंमत म्हणजे, विज्ञानही आता काहीसं असंच म्हणायला लागलंय.

आपल्या स्नायूचा एकेक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी. साध्या पेशीत केंद्रक एक असतं, पण स्नायूच्या तंतूत अनेक असतात. वेट मारल्यावर तंतू जाड होतो आणि तो सांभाळायला नवी केंद्रकं येऊन मिळतात. म्हणजे धंदा वाढला की मॅनेजर वाढतात, तसं. व्यायाम सुटला की तंतू पुन्हा बारीक होतो. पण मॅनेजरांचं काय? ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं की तंतू रोडावला तरी ही जादा केंद्रकं टिकून राहिली. कारखाना बंद, पण स्टाफ जागेवर! माणसांत ही केंद्रकं किती काळ टिकतात यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. पण 'आधी केलेल्याला परत लवकर जमतं' हा अनुभव जगभरच्या जिममधला आहे.

फिनलंडमध्ये तर याची थेट माणसांवरच परीक्षा झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने सलग २० आठवडे वेट ट्रेनिंग केलं. दुसऱ्या गटाने १० आठवडे केलं, १० आठवडे चक्क सुट्टी घेतली आणि पुन्हा १० आठवडे केलं. शेवटी दोन्ही गटांची ताकद आणि स्नायूंची वाढ जवळपास सारखीच निघाली. सुट्टीत जे गेलं होतं, ते परतल्यावर झपाट्याने भरून आलं. आता दहा आठवडे आणि पंचवीस वर्षं यांत फरक आहे, हे मान्य. पण दिशा तीच दिसते.

डोक्यातला आकडा

मग प्रॉब्लेम कुठे येतो? प्रॉब्लेम हा की स्नायूंबरोबर डोक्यालाही सगळं आठवत असतं. आणि डोक्याला आठवतो फक्त आकडा.

बाबांनी पहिल्या आठवड्यात रिकामा बार उचलला. २० किलो. दुसऱ्या आठवड्यात ४०. तिसऱ्या आठवड्यात घरी येऊन ते म्हणाले, 'अगं, साठ आरामात गेले. दिवाळीपर्यंत ऐंशी.' चेहरा असा, की पगार झाल्यासारखा! चौथ्या आठवड्यात खांदा धरला. शर्टात हात घालताना कळ यायची. आईने काहीच म्हटलं नाही. फक्त आयोडेक्सची डबी टीव्हीवरून उचलून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

हे असं का होतं? कारण स्नायू लवकर सुधारतो, पण त्याला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे टेंडन, निवांत असते. तिला रक्तपुरवठा कमी. ती घट्ट व्हायला महिने लागतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली टाचेच्या वरच्या, सगळ्यात जाड टेंडनचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की तिचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे पन्नाशीतला माणूस जिममध्ये जातो तेव्हा टाचेतली दोरी दहावी-बारावीच्या काळातलीच असते. इंजिन लवकर रिपेअर होतं, पण केबल जुनीच. आणि कमबॅक करणारा बघतो फक्त इंजिनाकडे.

दुसरी गोष्ट हृदयाची, आणि इथे मस्करी नको. जड वजन उचलताना आपण श्वास कोंडतो. त्या काही सेकंदांत बीपी किती चढावं? कॅनडात १९८५ साली पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून ते मोजलं गेलं. पायांनी जड वजन ढकलताना सरासरी आकडा आला ३२०/२५०! सराव असलेल्या निरोगी तरुणाचं शरीर हे क्षणभर झेलतं. पण आपल्याकडच्या पन्नाशीचं काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतासह दक्षिण आशियातल्या पाच देशांत पहिल्या हार्ट अटॅकचं मधलं वय ५३ निघालं. बाकीच्या देशांत ते जवळपास ५९ होतं. म्हणजे आपल्याकडे माणूस जिममध्ये परततो नेमका त्याच वयात, जेव्हा हृदयाकडे एकदा बघून घ्यायला हवं असतं. बाबांच्या ऑफिसातल्या एका मित्राला ५४व्या वर्षी प्लॅटफॉर्मवरच अटॅक आला. ते वाचले. बाबांनी जिमची फी भरली ती त्याच महिन्यात. पण स्ट्रेस टेस्ट मात्र आईने पाठ धरल्यावर केली.

खेळानेच काढलेला तोडगा

मजा म्हणजे, जुन्या आकड्याचं हे भूत वेटलिफ्टिंगच्या खेळाला फार आधी कळलंय. नॉर्बर्ट शेमान्स्की हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. ज्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १९५२ साली आपल्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं, तिथेच या अमेरिकन लिफ्टरने गोल्ड मारलं. पुढे पाठ गेली. १९५६ चं ऑलिम्पिक हुकलं, ऑपरेशनं झाली. पण गडी परत आला. १९६० साली ब्राँझ आणि १९६४ साली टोकियोत पुन्हा ब्राँझ. तेव्हा वय ४०!

प्रत्येक जण शेमान्स्की नसतो. म्हणून 'मास्टर्स' स्पर्धा आल्या. पॉवरलिफ्टिंग, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टचा खेळ, त्यात चाळिशीपासून मास्टर्स सुरू होतात आणि पुढे दर दहा वर्षांनी नवा गट. ऑलिम्पिक पद्धतीच्या वेटलिफ्टिंगमध्ये तर 'सगळ्यात भारी कोण' हे ठरवताना उचललेल्या किलोंना आधी शरीराच्या वजनाप्रमाणे एक गुणक लावतात आणि मग वयाप्रमाणे आणखी एक. वय जितकं जास्त, तितका गुणक मोठा. म्हणजे साठीच्या काकूंनी उचललेले कमी किलो पस्तिशीच्या बाईच्या जास्त किलोंना हरवू शकतात. कागदावर, नियमाने! किती शहाणपणाची गोष्ट आहे ही. खेळ तुम्हाला म्हणतो, तुमची तुलना तुमच्या पंचविशीशी करायची नाहीच. आजच्या वयाला धरून बोला.

आणि पंचविशीत काहीच केलं नसेल तर? पुण्याच्या भावना टोकेकर आठवा. वेट ट्रेनिंगला सुरुवात चाळिशी उलटल्यावर, वयाच्या ४१व्या वर्षी, तीही तब्येतीसाठी. जुलै २०१९ मध्ये, ४७व्या वर्षी, रशियातल्या चेल्याबिन्स्क इथे ओपन एशियन पॉवरलिफ्टिंग चॅम्पियनशिपमध्ये त्यांनी चार गोल्ड मेडल्स जिंकली. त्यांच्या डोक्यात जुना आकडा नव्हताच. कदाचित तोच त्यांचा फायदा असेल.

पाटावरून उठण्यासाठी

पण मेडल किती जणांना हवं असतं? खरा प्रश्न साधा आहे. माझी आजी शेवटची सहा वर्षं पाटावर बसली नाही. बसता यायचं, उठता यायचं नाही. घरात सत्यनारायण असला की ती खुर्चीवरून बघायची. तिला ना बीपी होतं ना शुगर. फक्त मांड्यांत ताकद उरली नव्हती. डॉक्टरी भाषेत वयाबरोबर स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. ही झीज पन्नाशीनंतर वेग घेते आणि चालून किंवा प्राणायाम करून ती पुरती थांबत नाही. स्नायूला ओझंच लागतं.

चांगली बातमी ही की उशीर असा होतच नाही. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचं वेट ट्रेनिंग करून घेतलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग पन्नाशी म्हणजे तर नेट प्रॅक्टिस. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करायला सांगते. फक्त दोन दिवस.

घरात कमबॅक होतोय?

तुमचे बाबा, काका, आई किंवा बॉस परत वेट मारायला निघाले असतील तर एवढं त्यांच्या कानावर घाला.

• आधी डॉक्टर, मग बॅग. बीपी, शुगर आणि गरज असेल तर स्ट्रेस टेस्ट. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर सेट तिथेच संपला.

• पहिले दोन महिने 'अजून दोन रेप्स गेले असते' असं वाटत असतानाच थांबा.

• वजन वाढवायचं ते छोट्या प्लेट्सने. सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट्स शोपीस नाहीत.

• श्वास कोंडू नका. वजन वर ढकलताना तोंडाने सोडा.

• ताटात डाळ, उसळ, दही, अंडं, मासे वाढवा. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ७० किलोच्या माणसाला रोज साधारण ५८ ग्रॅम प्रोटीन लागतं. वरण-भाताच्या एका वाटीत ते होत नाही.

• खांदा किंवा गुडघा दुखला तर जिम बंद करू नका. तो व्यायाम बदला आणि फिजिओला दाखवा.

बाबांनी खांद्याला सहा आठवडे दिले. आता ते आठवड्यातून दोनदा जातात. बेंचवर ४५ किलो. मी मुद्दाम विचारलं, 'मग ऐंशीचं काय?' ते म्हणाले, 'ती बेंच मारणारा पोरगा वेगळा होता. चांगला होता, पण आता तो नाहीये.' आणि जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले. उठताना हात टेकला नाही, हे मी पाहिलं. त्यांनीही, मी पाहतेय हे पाहिलं.

आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही पंचवीस-तीसचे आहात, अंधेरीहून निघालेल्या मेट्रोत उभ्याने हे वाचताय आणि जिमची वार्षिक मेंबरशिप फेब्रुवारीपासून वाया जातेय. पीएफचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी बदलली तरी चालते, मध्ये गॅप पडला तरी चालतो. पण खातं उघडावं लागतं. आज मारलेला प्रत्येक सेट कुणाच्या तरी नावावर जमा होतोय. ते कुणी म्हणजे पन्नाशीतले तुम्ही. तेव्हा डोक्यात एखादा आकडा असेलच. तो विसरायची तयारी ठेवा, आणि आज संध्याकाळी जाऊन या.