बातमी खोटी, हसू अस्सल!

परभणीत ‘बी’ म्हटलं की आधी कृषी विद्यापीठाचं बियाणं आठवतं. पण अमेरिकेतली एक ‘बी’ पेरत नाहीत, ती इंग्रजीतली मधमाशी, थेट डंख मारते! नाव ‘द बॅबिलॉन बी’. ख्रिस्ती मंडळींनीच चालवलेली लुटुपुटुच्या बातम्यांची वेबसाइट. तिचं ब्रीद माहीत आहे का? ‘विश्वास ठेवावा अशी फेक न्यूज’!

२०१६ मध्ये अॅडम फोर्ड या कॉमिक्सवाल्यानं ती सुरू केली. सुरुवातीच्याच काळात एक बातमी तुफान चालली: धुराचं मशीन बिघडल्यामुळे पवित्र आत्म्याला मंडळीत संचार करता येईना! तिकडच्या बऱ्याच मोठ्या चर्चमध्ये उपासनेला बँड असतो, रंगीत लाइट असतात, स्टेजवर धूरही सोडतात. म्हणजे बिनपाण्यानं हजामत झाली खरी, पण घरच्याच न्हाव्याकडून!

आता वॉशिंग मशीनची धुलाई. २०१८ मध्ये बीनं छापलं, की बातम्यांना सोयीचा ‘स्पिन’ द्यायला सीएनएन वाहिनीनं भलंमोठं वॉशिंग मशीन विकत घेतलंय. पुढे काय झालं, माहीत आहे का? ‘स्नोप्स’ या फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी चक्क पडताळणी करून ‘खोटी’ असा शिक्का मारला! त्यावरून फेसबुकनं बीला ताकीद दिली आणि मग माफीही मागितली.

राष्ट्राध्यक्षही सुटले नाहीत. बायडेन यांच्या विरोधातली बातमी पसरू नये म्हणून ट्विटरनं आपलं आख्खं नेटवर्कच बंद केलं, अशी फिरकी बीनं ऑक्टोबर २०२० मध्ये घेतली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ती खरी समजून, इतिहासात असं कधीच झालं नव्हतं म्हणत शेअर केली.

२०१८ मध्येच साइट सेथ डिलन यांच्याकडे गेली आणि पुढे राजकारणाचा मसाला वाढत गेला. मला विचाराल तर चर्चच्या धुराची ती पहिली बी जास्त गोड. दुसऱ्याला चिमटा कुणीही काढतो. स्वतःच्या घराला काढायला जिगर लागते.

बाय द वे, २०२० मध्ये त्यांनी ‘नॉट द बी’ नावाची जोडसाइट काढली. तिथे काय मिळतं? जोक वाटतील अशा खऱ्या बातम्या!

देवाधर्माच्या बाबतीत गंमत चालते का, असा प्रश्न पडला? मग आपल्याच जिल्ह्यातलं गंगाखेड आठवा. तिथल्या जनाबाईनं सुमारे सातशे वर्षांपूर्वी विठोबाला जात्यावर दळायला बसवलं, आणि चिडली तेव्हा शिव्याही हासडल्या. एवढी सलगी करायला भक्तीही तेवढीच लागते.

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळींतही असे चिमटे काढणारे होते. चला, आता गोवा! लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी लहानपणी घराच्या भिंती रंगवून ठेवल्या, तेव्हा आईनं हातात कोरी वही दिली. शाळेत त्यांनी पाद्र्यांची चित्रं काढली आणि ओरडा खाल्ला. तोच मुलगा पुढे पद्मविभूषण! मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये गेलात, तर मेनूकार्ड नंतर, आधी भिंती बघा. सगळी मारिओंचीच माणसं.

ख्रिस्ती विनोदाचं घराणं जुनं आहे बरं! १९७१ मध्ये अमेरिकेत ‘विटेनबर्ग डोअर’ हे मासिक निघालं. विटेनबर्ग गावातल्या चर्चच्या ज्या दारावर मार्टिन ल्यूथरनं आपले आक्षेप लावल्याचं सांगतात, त्या प्रसिद्ध दारावरून नाव घेतलं, पण गावाच्या स्पेलिंगमध्येच घोळ झाला. पठ्ठ्यांनी चूक तशीच ठेवली!

इंग्लंडचं ‘शिप ऑफ फूल्स’ १९७७ मध्ये मासिक म्हणून निघालं, १९८३ मध्ये बुडालं आणि वेबसाइट होऊन पुन्हा तरंगलं. तारीख? १ एप्रिल १९९८, आणखी कुठली असणार!

त्यांचा सुपरहिट आयटम म्हणजे ‘मिस्टरी वर्शिपर’, अर्थात गुप्त उपासक. हॉटेलात गुपचूप जेवून परीक्षण लिहितात ना, तसं हा गडी अनोळखी चर्चमध्ये जाऊन बसतो. बाक टोचतो की आरामशीर आहे? प्रवचन किती मिनिटं चाललं? उपासनेनंतर बावरल्यासारखं नुसतं उभं राहिलं तर कुणी येऊन बोलतं का? कॉफी कशी होती? सगळ्याची नोंद! स्वर्गासारखं काय वाटलं आणि ‘त्या दुसऱ्या जागे’सारखं काय, हेही त्यात येतं. आणि आपण येऊन गेल्याची खूण म्हणून, दानाचं ताट फिरत आलं की पैशांसोबत तो आपलं कार्ड हळूच त्यात सरकवतो.