पोटमाळ्यावरची चूल

चिंचवडच्या पूर्णानगरमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानाला ३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे आग लागली. पोटमाळ्यावर झोपलेले आईवडील आणि दोन मुलं, चौघंही गेले.

भोसरी, चिखली, तळवडे, पुढे चाकणकडे महाळुंग्यापर्यंत एमआयडीसीच्या कडेकडेने भाड्याचे पोटमाळे आहेत. खाली गाळा, वर खोली. पहिल्या पाळीचा डबा चारला उठून तिथंच होतो. हात वर केला की पत्रा लागतो.

दहा बाय दहाची, सात फूट उंचीची खोली धरा. आत हवा जेमतेम वीस घनमीटर. शेगडी तासाभरात दोनशे ग्रॅम गॅस जाळते, त्यातून सुमारे सहाशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि तीनशे ग्रॅम पाण्याची वाफ निघते. हिवाळ्यात पत्र्यावरून टपटपतं ते हेच पाणी. ज्योत पिवळी पडून पातेल्याचं बूड काळं होत असेल, तर बर्नरची छिद्रं बुजली आहेत किंवा हवा अपुरी पडते आहे, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होत असू शकतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो.

भिंतीत पंखा बसवला की काम झालं, असं घरमालकाला वाटतं. पण बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला वाट हवी. दार-खिडकी बंद असली तर पंखा नुसता गरगरतो. वर पंखा आणि समोरच्या भिंतीत खाली झरोका, एवढं तरी हवंच.

न जळालेल्या गॅसची तऱ्हा निराळी. तो हवेपेक्षा दीडदोनपट जड, पाण्यासारखा उतार शोधतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्के झालं तरी ठिणगी पुरते. या खोलीत सगळीकडे सारखा पसरला तर तेवढं प्रमाण गाठायला किलोभर गॅस पुरेल. पण तो सारखा पसरतच नाही. जमिनीलगत साचतो, त्यामुळे याहून कितीतरी कमी गॅसही घात करतो. मग जिन्याच्या तोंडातून खाली गाळ्यात उतरतो, फ्रिजपाशी, ग्राइंडरपाशी.

आग खाली लागली तर उलटं. गरम धूर वर चढतो आणि जिन्याचंच धुराडं होतं. वरच्या माणसाला उतरायला वाट तीच एक.

इंडक्शन घेतलं तर गॅस टळतो, पण दोन हजार वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. सहा अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून ती चालवली की वायर तापलीच म्हणून समजा.

गॅसचा वास आला की हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो. नेमकं तेच करायचं नाही. बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करा, खिडकी उघडा, बाहेर पडा आणि मग १९०६ ला फोन लावा.

अकरा महिन्यांच्या करारात पंखे, नळ, ट्यूब मोजून लिहिलेल्या असतात. आतून उघडणारी, माणूस बाहेर पडू शकेल अशी एक खिडकी त्या यादीत मी अजून पाहिलेली नाही.