ओबीचा ढिगारा हिरवा झाला, पण माती थांबली का?

चंद्रपूर : राजुरा, भद्रावती, वरोरा, बल्लारपूर तालुक्यांत उघड्या कोळसा खाणींजवळ मातीचे ढिगारे डोंगरासारखे उभे आहेत. कागदावर त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, गावात नुसतं ‘ओबी’. जुन्या ढिगाऱ्यांवर झाडं लावली जातात आणि पावसाळ्यात ते हिरवेही दिसतात. पण हिरवं दिसलं म्हणजे जमीन सुधारलीच, असं नाही. वर हिरवळ आणि खालून माती वाहतेय, असंही होऊ शकतं. ती माती शेवटी नाल्यात उतरते, नाही तर धुरा ओलांडून शेतात शिरते. म्हणून दोन्ही बघावं लागतं : वर काय उगवलं आणि खाली किती वाहून आलं.

ढिगाऱ्यावर झाड जगणं कठीण का?

कोळसा काढताना आधी वरची काळी माती निघते, मग खालचे चिकणमातीचे आणि वाळूच्या दगडाचे थर. सगळं एकत्र टाकलं तर खोलवरचा दगड-मुरूम वर येतो आणि सुपीक माती आत गाडली जाते. या भरावात कुजलेला पालापाचोळा नसतो, ओल टिकत नाही आणि भराव सैल असल्यामुळे तो लवकर वाहतो. म्हणूनच सुपीक माती वेगळी साठवून शेवटी ढिगाऱ्यावर पसरायची असते. ते झालं नाही, तर टँकरचं पाणी थांबल्यावर रोपं माना टाकतात.

उपग्रहाला काय दिसतं, काय दिसत नाही

कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींवर किती हिरवळ आली, याची पाहणी रांचीची सीएमपीडीआय ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून करते. वर्षाला कोळसा आणि ओबी मिळून ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त काढणाऱ्या खाणींची पाहणी दरवर्षी होते, लहान खाणींची तीन वर्षांतून एकदा.

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या फरकावरून हिरवळ मोजली जाते. मोठं क्षेत्र बघायला ही पद्धत चांगली आहे. पण घाणेरी आणि गाजरगवतही वरून हिरवंच दिसतं. सुबाभळीच्या दाट शेंड्यांखाली जमीन उघडी असली तरी ते चित्रात कळत नाही. सप्टेंबरचं आणि मे महिन्याचं चित्र तर एकमेकांशी जुळवताच येत नाही. त्यामुळे जमिनीवर जाऊन बघणं टळत नाही.

जमिनीवर काय बघायचं?

• गवत : काड्यांची १ मीटर लांब-रुंद चौकट करून ती निदान दहा ठिकाणी ठेवावी. आत किती भाग गवताने किंवा पाल्याने झाकलाय ते लिहावं. माती धरून ठेवतं ते मुख्यतः गवत. नुसती उंच झाडं असली तर पानांवरून पडणारे मोठे थेंब उघडी माती उडवतात.

• आपोआप उगवलेली रोपं : लावलेल्या झाडांच्या बियांपासून नवी रोपं येतात का? येत असतील तर जमीन जिवंत होतेय.

• जाती : एकाच जातीची रांग आहे, की कडुनिंब, करंज, बांबू, मारवेल असं मिश्रण आहे?

• उन्हाळा : खरी परीक्षा मे महिन्यात. तेव्हा जे जिवंत, तेच टिकलं.

वाहिलेली माती कशी मोजतात?

पावसाळ्याआधी उतारावर लोखंडी सळया ठोकतात आणि जमिनीलगत खूण करतात. पाऊस संपल्यावर खुणेखाली किती सळई उघडी पडली ते मोजतात. एक एकरातून फक्त १ मि.मी. थर गेला, तरी ती ४ घनमीटर म्हणजे जवळपास दीड ब्रास माती होते. ५ मि.मी. गेला तर सात ब्रास. नवा भराव दबतोही, म्हणून एका सळईवर भरवसा न ठेवता माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओळीने सळया लावाव्या लागतात.

उतारावर बोटभर चरे पडले असतील तर गवत लावून ते थांबू शकतात. पण माणूस उभा राहील एवढी घळ पडली आणि दरवर्षी रुंदावत असेल, तर फक्त झाडं लावून भागत नाही. आधी पाणी वळवावं लागतं, उतार कमी करावा लागतो.

पायथ्याशी तीन गोष्टी बघाव्यात : माती अडवणारी भिंत, ढिगाऱ्याभोवतीची चारी आणि गाळ बसवायचं टाकं. टाकं जूनआधीच गाळाने भरलेलं असेल, तर गढूळ पाणी सरळ नाल्यात जाणार.

सावधान : ढिगाऱ्यावर परस्पर चढू नये. ओला भराव अचानक घसरतो. वरची तपासणी परवानगी घेऊन, खाणीच्या अधिकाऱ्यांसोबतच करावी. नाला आणि आपलं शेत मात्र गावाला कधीही बघता येतं.

गाव काय मागू शकतं?

पर्यावरण मंजुरीतल्या अटी किती पाळल्या, याचा अहवाल खाणीने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सार्वजनिक कागद आहे, अर्ज करून प्रत मागता येते. खाण बंद करताना जमीन सुधारण्यासाठी कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात. शिवाय, खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत उगवून जमीन चाऱ्यालायक करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिला आहे. म्हणजे गवताचा प्रश्न गुराख्यांच्याही हक्काचा आहे.

ग्रामसभेने ठराव करून मे आणि ऑक्टोबरमध्ये संयुक्त पाहणी मागावी. त्यासाठी पुरावा मोबाईलवरच तयार होतो. नाल्याची एकच जागा ठरवावी, लोकेशन चालू ठेवावं आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच बाजूने फोटो काढावा. तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की गाळ वाढला की घटला, हे बैठकीत कुणालाही दाखवता येतं.