सत्तारूढांवरील टीका आणि विरोधी पक्षाचे यश : नांदेड व लातूर येथील निवडणुकांच्या आधारे एक विवेचन

सत्तेवरील पक्ष लोकांच्या मनातून उतरला, की त्याच्यावर टीकेचा भडिमार करावा आणि निवडणूक जिंकावी, असा एक सरळ हिशेब आपल्या राजकीय चर्चेत गृहीत धरलेला असतो. या हिशेबात एक गोष्ट नजरेआड होते. ती ही, की पराभूत झालेल्या विरोधी पक्षांनीही टीका काही कमी केलेली नसते. केवळ जिंकलेल्यांच्या प्रचाराचा अभ्यास केला, तर टीकेत विजयाचे सामर्थ्य आहे असे दिसणारच. म्हणून टीका जवळजवळ सारखी आणि निकाल मात्र निरनिराळे, अशी उदाहरणे तपासावयास हवीत. नांदेड आणि लातूर हे शेजारचे दोन जिल्हे अशी उदाहरणे पुरेशा प्रमाणात पुरवितात.

प्रथम या विषयावरील उपपत्तींचा थोडक्यात निर्देश करणे इष्ट होईल. मतदार भविष्यातील आश्वासनांपेक्षा मागील कारभाराकडे पाहून कौल देतो, हा विचार व्ही. ओ. की यांच्या १९६६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने रूढ केला. १९८१ मध्ये मॉरिस फिओरिना यांनी त्याला शास्त्रीय मांडणी दिली. या विचारानुसार सत्तारूढांचा पराभव त्यांच्या कृतींनीच होतो. विरोधकांची टीका फार तर त्या कृतींची आठवण करून देते. टीकात्मक प्रचाराविषयीच्या उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा लाऊ, सिगेलमन व रोव्हनर यांनी २००७ मध्ये घेतला. अशी टीका लोकांच्या अधिक स्मरणात राहते, परंतु तिच्यामुळे मते मिळतात असा पुरावा दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे संशोधन मुख्यतः अमेरिकेतील आहे, हे मात्र विसरता कामा नये. तेथे दोनच प्रबळ पक्ष असल्याने एकावरून उडालेले मन दुसऱ्याकडे वळण्याची वाट निदान आखलेली तरी असते. आपल्याकडे ती आखलेली नाही. असंतोष विरोधकांपैकी एकाकडे जाऊ शकतो, अनेकांत विभागला जाऊ शकतो, किंवा घरी बसून राहू शकतो.

आपल्या देशातील प्रसिद्ध दाखला १९७१ चा आहे. संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र आणि संयुक्त समाजवादी या पक्षांच्या आघाडीने ‘इंदिरा हटाओ’ हीच आपली घोषणा केली. परिणामी महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा सत्तारूढ काँग्रेसने जिंकल्या. सहाच वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच नेत्यावर त्याच प्रकारची टीका झाली आणि राज्यातील ४८ पैकी केवळ २० जागा काँग्रेसकडे राहिल्या. मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. परंतु आणीबाणीविषयीच्या रोषाने आपल्या भागात कोणाला निवडून दिले, हेही पाहावयास हवे. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना त्यांच्याच नांदेडमधून शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे लोकसभेवर गेले आणि लातूरमधून त्याच पक्षाचे उद्धवराव पाटील. आणीबाणीवरील टीकेचा देशभरचा आवाज जनता पक्षाचा होता; आपल्या दोन्ही जागा मात्र कंधार आणि उस्मानाबाद या परिसरांत वर्षानुवर्षे पाय रोवून उभ्या असलेल्या माणसांनी जिंकल्या. पुढे १९८० मध्ये नांदेडने शंकरराव चव्हाणांना आणि लातूरने शिवराज पाटील चाकूरकरांना निवडून दिले. रोष ओसरला तसा प्रवाह पूर्वीच्या पात्रात परतला.

हाच विशेष १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत अधिक स्पष्टपणे दिसतो. काँग्रेस शासनावर त्या काळी सर्वांत तिखट टीका करणारे नेते म्हणजे विधानसभेतील विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे. आणि त्यांचा रेणापूर मतदारसंघ लातूरला लागूनच. टीकाच मते मिळवून देत असेल, तर लातूर शहराने युतीच्या पारड्यात मते टाकावयास हवी होती. प्रत्यक्षात विलासराव देशमुखांचा सुमारे ३५ हजार मतांनी पराभव केला तो जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी. राज्यात युतीचे शासन आले. लातुरात मात्र टीका एकाने केली व फळ दुसऱ्याच्या पदरात पडले. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, हेच देशमुख सुमारे ९१ हजारांच्या मताधिक्याने विजयी होऊन मुख्यमंत्री झाले. त्यांच्याविषयीचा राग पाठ फिरविण्याइतका होता, नाते तोडण्याइतका नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

२००४ मध्ये तर देशातील वारा भारतीय जनता पक्षाच्या विरुद्ध असताना लातुरात, सलग सात वेळा निवडून आलेल्या शिवराज पाटलांचा पराभव याच पक्षाच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी केला. रूपाताई या काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या सूनबाई. ज्यांना बदल हवा होता त्यांना तो अनोळखी दारात जाऊन मागावा लागला नाही. त्याच वर्षी निलंग्यात संभाजी पाटलांनी प्रत्यक्ष आजोबांचाच पराभव केला, हे या प्रवृत्तीचे टोक होय.

असंतोषाला वाट करून देणारे ओळखीचे दार नसेल तर काय होते, हे २०१४ च्या नांदेडने दाखविले. ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणी अशोक चव्हाणांना नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. न्यायालयात आरोप सिद्ध झालेले नसले तरी प्रचारात त्यांचा उल्लेख अखंड चालू होता. केंद्रात व राज्यात काँग्रेस विलक्षण अप्रिय झालेली होती. टीकेला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. तरीही महाराष्ट्रात काँग्रेसने जिंकलेल्या दोनच जागांपैकी एक नांदेडची होती (दुसरी शेजारच्या हिंगोलीची), आणि चव्हाणांचे मताधिक्य ८१ हजारांहून अधिक होते. मुंबईतील इमारतीविषयीचा आरोप नांदेडच्या मतदाराला खोटा वाटला असेल असे नव्हे. पण त्याच्या रोजच्या सुखदुःखाशी त्या आरोपाचा सांधा जुळला नाही, आणि समोर उभा असलेला पर्याय त्याला अधिक जवळचा वाटला नाही. वृत्तपत्रे ‘लाट’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. लाटेलाही किनाऱ्याचा उंचसखलपणा मानावा लागतो, हे त्यांच्या मथळ्यांत येत नाही.

या दृष्टीने २०१७ मधील दोन महानगरपालिका निवडणुका अभ्यासकाने शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. वर्ष एक, दोन्ही ठिकाणी पालिकेत काँग्रेसची सत्ता, राज्यात व केंद्रात भारतीय जनता पक्षाची. प्रचाराचा सूरही एकच : पालिकेचा कारभार भ्रष्ट व निष्क्रिय आहे. एप्रिलमध्ये लातुरात ७० पैकी ३६ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. २०१२ च्या निवडणुकीत त्याचा एकही सदस्य निवडून आला नव्हता. ऑक्टोबरमध्ये नांदेड-वाघाळ्यात मात्र काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि भारतीय जनता पक्ष ६ वर थांबला.

हा फरक कशाने पडला? लातुरात टीकेला एक नाव होते : पाणी. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ पासून मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. या संकटाचा दोष राज्यशासनाकडेही जाऊ शकत होता आणि पालिकेकडेही. टीकेचे खरे काम येथे दिसते. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या हालांचा जाब कोणाला विचारावा हे टीका सांगते. असंतोष ती निर्माण करीत नाही; त्याला पत्ता देते. परंतु एवढ्यानेही काम भागले नसते. जिल्ह्यातीलच संभाजी पाटील निलंगेकर मंत्री झाले होते व प्रभागाप्रभागांत त्यांनी माणसे उभी केली होती. इतके असूनही काँग्रेसने ३३ जागा राखल्या, हे विजयाच्या वर्णनांत सहसा सांगितले जात नाही. नांदेडात टीकेला असे नाव नव्हते. शिवाय मोहिमेची धुरा वाहणारे प्रतापराव पाटील चिखलीकर त्या वेळी कागदोपत्री शिवसेनेचेच आमदार होते. चव्हाणांवर रुष्ट असलेल्या नांदेडकरापुढे जो पर्याय आला तो उसनवारीचा होता.

‘दगडापेक्षा वीट मऊ’ आणि ‘आगीतून फुफाट्यात’ या आपल्या दोन म्हणींच्या मध्ये असा मतदार उभा असतो. टीका त्याला दगड टोचतो आहे एवढेच पटवून देते, आणि ते त्याला बहुधा आधीच ठाऊक असते. वीट खरोखरच मऊ आहे की फुफाटा आहे, हा निर्णय त्याला उमेदवाराकडे पाहून करावा लागतो. दोन्ही नकोसे झाले तर काय होते, याचे दुर्मीळ उदाहरण २०१९ मध्ये लातूर ग्रामीणने दिले. युतीच्या वाटपात ही जागा शिवसेनेकडे गेल्याने भारतीय जनता पक्षाचे अनेक समर्थक नाराज झाले आणि काँग्रेसचे धीरज देशमुख विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय होता, सुमारे २७ हजार ५०० मतांसह. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नांदेडला चव्हाणांचा सुमारे ४० हजारांनी पराभव झाला, तेव्हा वंचित बहुजन आघाडीने सुमारे १ लाख ६६ हजार मते घेतली होती. त्या निकालाचे श्रेय केवळ विजेत्यांच्या टीकेला देता येणार नाही.

२०२४ साली हे सर्व प्रश्न एकत्र आले. केंद्रशासनाने ८ फेब्रुवारीस संसदेत ठेवलेल्या श्वेतपत्रिकेत ‘आदर्श’चा उल्लेख होता, १३ फेब्रुवारीस अशोक चव्हाण भारतीय जनता पक्षात दाखल झाले. दहा वर्षे जोपासलेली टीका तिच्या कर्त्यांनीच अशा रीतीने निकामी केली. लोकसभेच्या निवडणुकीत नांदेड ५९ हजारांहून अधिक, तर लातूर ६१ हजारांहून अधिक मतांनी काँग्रेसकडे गेले. लातूर तर २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाने २ लाख ८९ हजारांच्या मताधिक्याने जिंकलेले. मराठा आरक्षणाचे आंदोलन आणि सोयाबीनचे पडलेले भाव ही कारणे गावोगाव बोलली जात होती. विरोधी पक्षाने यावरून आपली टीका मतदारांना पटली असा अर्थ काढला आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तीच पुन्हा मांडली. सोयाबीन तेव्हाही ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले जात होते. टीकेचा आधार, म्हणजे, कायम होता. परंतु मध्यंतरी सत्तारूढांनी लाडकी बहीण योजनेद्वारे दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रियांच्या खात्यात जमा करण्यास आरंभ केला होता. विरोधकांनी ३,००० रुपयांचे वचन दिले. मिळू लागलेल्या रकमेपुढे मिळावयाच्या रकमेचे वजन पडले नाही. नांदेड जिल्ह्यातील नऊच्या नऊ जागा महायुतीने जिंकल्या. लातूर ग्रामीणही काँग्रेसच्या हातून गेले.

आणि तरीही त्याच नांदेडमध्ये २० नोव्हेंबरला आणखी एक निवडणूक होत होती. खासदार वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये निवर्तल्याने लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच घेण्यात आली. मतदार तेच, दिवस तोच, केंद्र तेच; प्रत्येकाने दोन यंत्रांवर दोन मते दिली. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या आणि लोकसभेची जागा १,४५७ मतांनी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, वसंतरावांचे पुत्र, यांना मिळाली. महायुतीवर केलेली टीका दोन्ही यंत्रांपुढे एकच होती. एका यंत्रावर मुंबईतील शासन ठेवावे की बदलावे हा प्रश्न होता. दुसऱ्यावर नायगावच्या एका घराचे दुःख आणि दिल्लीकडे पाठवावयाचा एक माणूस. काही हजार मतदारांनी या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी दिली. ही मते कोणत्या गावांतून, कोणत्या केंद्रांवरून निघाली याचा केंद्रवार अभ्यास करण्यासाठी लागणारी आकडेवारी निवडणूक आयोगाच्या प्रपत्र २० मध्ये उपलब्ध असते, आणि आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घ्यावा इतका तो मोलाचा आहे.