तरुणपणीची कंबरदुखी : पट्टा बांधण्याआधी

पंचविशीतल्या मुलाने कंबर धरली की घरून दोन सल्ले मिळतात : ‘आराम कर’ आणि ‘पट्टा बांध’. दुखणे तीन महिन्यांहून जास्त टिकले, म्हणजे जुनाट झाले, की हे दोन्ही सल्ले सहसा उपयोगी पडत नाहीत. उपचार ठरतो तो दुखण्याच्या स्वभावावरून.

दुखणे कोणत्या प्रकारचे?

बहुतेकांच्या कंबरदुखीमागे एखादा ठरावीक आजार सापडत नाही. ती फार वेळ बसल्यावर किंवा ओझे उचलल्यावर वाढते आणि आडवे झाले की कमी होते. याउलट, पहाटे दुखण्याने जाग येत असेल, उठल्यावर अर्धा तास कंबर आखडलेली राहत असेल आणि हालचालीनंतरच मोकळी होत असेल, तर अँकिलोसिंग स्पाँडिलायटिसची शंका घ्यावी. मणक्यांचा हा संधिवात बहुधा वयाच्या ४५ वर्षांच्या आत सुरू होतो. अशा वेळी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. लवकर निदान झाले तर औषधांनी आणि नियमित व्यायामाने तो आटोक्यात ठेवता येतो.

एमआरआयची घाई नको

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’ हे शब्द ऐकून तरुण मुले वाकायलाही घाबरतात. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्के जणांच्या तपासणीत गादीची झीज दिसते. त्यामुळे एमआरआय काढायचा की नाही, हे डॉक्टरांना लक्षणे पाहून ठरवू द्या.

काय करावे, काय टाळावे?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट समज देणे, मालिश आणि मानसोपचार यांना स्थान आहे. दाहशामक वेदनानाशके चालतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके यांची शिफारस नाही.

चालणे, पोहणे, योगासने, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांपैकी जे रोज जमेल ते निवडा. थोडे दुखले म्हणून सोडू नका. फरक पडायला काही आठवडे लागतात.

इथे थांबू नका

लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप आणि घटते वजन सोबत असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. तो औषधांनी बरा होतो, मात्र उशीर झाला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो.